चेंडू दाबणारा दिगंबर

दिगंबर मला पहिल्यांदा भेटला तो कुवेतमधल्या महबूलातल्या किराणा दुकानात. आमच्या पिशवीतून निसटलेलं संत्रं त्यानं तळपायाखाली अलगद दाबलं, मान वर करून दुकानभर पाहिलं आणि मगच उचलून माझ्या पत्नीच्या हातात दिलं. "घ्या वहिनी. फुटलं न्हाई बघा!"

तो कोल्हापूरचा, इथे जवळच्या अहमदी शहरात तंत्रज्ञ. एकेकाळी कॉलेजच्या दुय्यम गटातल्या फुटबॉल संघाचा हुकमी खेळाडू. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला आला की वाट्या सरकवून सामने समजावून सांगे. "मी चेंडू दाबला की पोरं बोंबलायची, दिग्या, नाचीव! दोघातिघांना न चुकवता पास दिला तर शिव्या मिळायच्या, दादा."

इथल्या एका व्यावसायिक क्लबाने राखीव संघासाठी चाचणी सामना ठेवला तेव्हा तो तिशीला टेकला होता. पुन्हा कोणी बोलावणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं.

पूर्वार्धात त्याची पार दैना झाली. मी हिशेबातला माणूस. नेमकं कुठे कमी पडतंय ते शोधत बसलो. दम होता, पायांत कसब होतं. पण चेंडू दाबून मान वर करेपर्यंत समोरचा तो घेऊन पसार होई. कॉलेजात तेवढी उसंत मिळायची, इथे कोणी देत नव्हतं. कुवेती प्रशिक्षक मोडक्या हिंदीत ओरडत होता, "पहले देखो! बॉल बाद में!"

मध्यंतरात मी म्हणालो, "अरे, दाबतोस कशाला?"

"आमचं मैदान खडीचं, दादा. टप्पा पडला की चेंडू कुठंबी उडतो. आधी दाबायलाच लागतंय."

"हे गवत आहे. इथे सरळ येतो."

त्याने वाकून गवतावरून हात फिरवला. "आयला, खरंच की!"

उत्तरार्धात तो चेंडू येण्याआधीच मान वळवून बघू लागला. आला की टोलवला, आला की टोलवला! मी खुर्चीवर उभा राहून ओरडत होतो आणि पत्नी माझा शर्ट ओढत होती. शेवटच्या मिनिटाला चेंडू थेट गोलसमोर त्याच्याकडे आला. दिगंबरने तो न थांबवता, आला तसाच हाणला. गोलच्या दांडीवरून पार कुंपणाबाहेर!

तो डोकं धरून मटकन खाली बसला. "गेलं, दादा. सगळं गेलं. दाबला असता तर..."

प्रशिक्षक मात्र टाळ्या वाजवत आमच्याकडेच येत होता. "रोका नहीं! शाबाश! कल से आना, प्रॅक्टिस पे."

दिगंबर माझ्याकडे बघतच राहिला. "दादा, गोल चुकला हे त्यानं बघितलं न्हाई काय?"