वाळक्या गवताचा आडोसा

गॅरेज आवरताना टाकायच्या यादीतले जुने हातमोजे उचलले, तर त्यांना अजून चिखलाचा वास. २००४ साली इथल्या कॅरी गावाजवळच्या तळ्यावर मुलांचे डेव्हकाका, म्हणजे आमचे शेजारी, बदकांच्या शिकारीसाठी लपायचा आडोसा करत होते. मी शाकाहारी, तरी मदतीला गेले आणि मखर सजवावं तशा हिरव्या फांद्या ओळीत बांधल्या.

"लग्न आहे का इथे?" काका हसले. "सरळ रेषा दिसली की बदकं परत फिरतात. इथलंच वाळकं गवत घे, वेडंवाकडं लाव."

मी सगळं काढून पुन्हा लावलं. शनिवारी बदकं बेधडक आडोशासमोर उतरली. मग बंदूक वाजली.

"तुझंच काम हे," काका कौतुकाने म्हणाले.

चोख कामाचा आनंद न होण्याची माझी ती पहिलीच वेळ. एक काडी तरी सरळ ठेवायला हवी होती, असं आज वाटतं.