चौकशीला दिलेलं नाव

मुखेडच्या बसस्टँडकडून बाजाराकडं निघालं की मोटार वायंडिंगची काही दुकानं लागतात. त्यातलं शेवटचं उमाशंकरचं. पाटीवरचा अर्धा रंग उडून नुसतं 'उमा' राहिलंय, त्यामुळं नवा माणूस बायांचं दुकान समजून पुढं निघून जातो. पाटी रंगवून घे म्हणून आई रोज मागं लागते. हा नुसता 'हाव, हाव' म्हणतो.

पस्तिशीचा गडी. बोअरची जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढून नवी भरायची, हे काम बापाकडून शिकला. बाप गेला. आई महादेवी घरी, बहीण आरती लातूरला दिलेली. अन् लग्न? ते विचारूच नका! आलेली स्थळं एकेक करून पुण्याच्या नोकरीवाल्यांनी उचलली. हातात तार घेऊन बसलेल्या माणसाला कोण पोरगी देतं आजकाल? त्यावर बोलायला लागलो तर मूळ गोष्ट राहूनच जाईल, म्हणून ते सोडा.

टाळेबंदीत बाजार बंद पडला तेव्हा वेळ जाईना म्हणून उमाशंकरनं मोबाईलमधी ती बंदुकांची गेम घेतली. विमानातून एका बेटावर उडी मारायची, घराघरांतून हत्यारं गोळा करायची, अन् शेवटपर्यंत जो जगला तो जिंकला. एकट्यानं खेळलं तर सोलो, चौघांनी मिळून खेळलं तर स्क्वाड. आधी हा एकटाच खेळायचा. एकट्यानं म्हणजे नुसती धास्ती. कुठं पाऊल वाजलं की ते दुश्मनाचंच. आपलं म्हणावं असं बेटावर कुणीच नाही. एकदा हा चक्क जिंकला. पहिला आला! पण सांगणार कुणाला? मोबाईल उशाशी ठेवला, आईनं वाढलेला भात खाल्ला, झालं.

मग एके दिवशी गेमनंच त्याला तीन अनोळखी पोरांच्या टोळीत टाकलं. माईकवर सगळीकडं हिंदीचा गलका चाललेला, अन् त्यात एकजण एकदम ओरडला, "आरं मागं बघ की! कामून थांबलास तिथं?"

उमाशंकरला हसूच फुटलं. हा तर आपल्याच मुलखातला!

तो वीरेश. चाकूरजवळच्या एका खेड्यातला, घरी दहा एकर शेती, वयानं उमाशंकरपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. दुसरा सत्यम, शिरूर अनंतपाळचा. तिसरा राजशेखर, उदगीरचा, बोलता बोलता मधीच कानडी सुरू करायचा. चौघांचं जमलं ते असं जमलं की दिवेलागण झाली की बोटं शिवशिवायची. वीरेश पुढं पळणारा, कुठंही घुसणारा. उमाशंकर मागून येणारा, सगळ्यांची दवापट्टी आपल्या पिशवीत बाळगणारा. खेळ आपला नावाला. सोयाबीनचा भाव काय चाललाय, कुणाच्या मायचा गुडघा धरलाय, आज घरी भाजी कशाची, सगळं त्या बेटावर बोलून व्हायचं. बंदुका खांद्याला लावून चौघं कुणाच्या तरी पडक्या घरात बसून वरणफळावर वाद घालायचे. दर साली माळेगावच्या जत्रेत भेटू म्हणायचे, अन् दर साली कुणाचं तरी काम निघायचं. कुणी कुणाला कधी डोळ्यानं पाहिलं नाही. पण आवाजावरून वीरेश जेवलाय का उपाशी आहे, हे उमाशंकर सांगू शकायचा.

पुढं सत्यमला पुण्यात नोकरी लागली, तो सुटला. राजशेखरचं लग्न झालं, चार दिवस आला, मग तोही सुटला. राहिले दोघं. दोघांनीही खेळता येतं, त्याला डुओ म्हणतात. उमाशंकरचं म्हणाल तर त्याला तेवढं भरपूर होतं. दिवसभर गिऱ्हाइकाशी जे काय बोलणं व्हायचं ते मोटारीचं. त्याच्याशी त्याच्याबद्दल बोलणारा जगात एकच माणूस उरला होता, अन् तो संध्याकाळी कानात यायचा.

एकदा वीरेश आला तोच उड्या मारत. "उमाभाऊ, स्थळ आलंय! अन् ऐक तर, तुमच्या मुखेडचीच पोरगी हाय. मंजुषा. तिचे मामा शिवलिंगअप्पा, भुसार दुकानवाले."

"अप्पाला मी वळखतो की," उमाशंकर म्हणाला.

"म्हणून तर! त्यांनी इचारलं, आमच्या बाजूला तुमच्या वळखीचं कोण हाय? म्या छाती ठोकून सांगितलं, उमाशंकर वायंडिंगवाला. माझा जिगरी दोस्त हाय, त्यालाच इचारा म्हणलं."

आता बघा, लग्नाच्या चौकशीला माणूस सोयऱ्याचं नाव देतो, गावच्या गुरुजीचं देतो. गेममधल्या जोडीदाराचं नाव कुणी देतं का? पण वीरेशनं दिलं. त्याला त्यात काही वावगं वाटलंच नाही. उमाशंकरचा ऊर भरून आला.

"लगीन झालं की मग खेळायचं बंद बरं का भाऊ," वीरेश हसत म्हणाला. "बायकोसमोर असं बोंबलायला लाज वाटंल मला."

उमाशंकरही हसला. पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिवलिंगअप्पा दुकानात आले. कपाळाला विभूती, हातात पिशवी. स्टुलावर बसले, आईची खुशाली विचारली, पाणी प्यायले, अन् मग मुद्द्यावर आले.

"तो चाकूरकडचा वीरेश. तुझा दोस्त हाय म्हणं. पोरगा कसा हाय?"

"चांगला हाय, अप्पा. मनानं लई चांगला."

"दारू, गुटखा?"

"छे! सुपारीचं खांड नाही खात."

"शेतात राबतो?"

"राबतो की. बापाला झेपंना आता, सगळं त्योच बघतो."

अप्पांनी मान डोलावली. उठायला लागले. तेवढ्यात उमाशंकरला संध्याकाळ आठवली, आजची नाही, पुढच्या सगळ्या. अन् तोंडातून निघून गेलं, "फक्त... मोबाईल लई खेळतो तो. गेमचा नाद हाय."

अप्पा परत बसले. "लई म्हणजे?"

"रोज," उमाशंकर म्हणाला.

झालं! एक शब्द खोटा नव्हता, पण दुधात मिठाचा खडा पडायचा तो पडला. आजकाल गेमच्या नादानं कुणी जमीन विकली, कुणी कर्ज केलं, असल्या बातम्या गावोगाव फिरतात. पोरीच्या मामाला तेवढं पुरतं. आठवडाभरात नकार गेला.

वीरेश त्या संध्याकाळी आला तो वेगळ्याच आवाजात. "मोडलं भाऊ. कुणीतरी सांगितलं म्हणं, पोरगा दिवसभर मोबाईलमधी असतो. आमच्याच भावकीतलं कुणीतरी. चुलतभावाशिवाय दुसरं कोण असणार? त्याला आमचं बरं कधी देखवलंच न्हाई."

उमाशंकर गप्प बसला. हे गप्प बसणं त्याला लई महागात पडलं. वीरेश आता आधीपेक्षा लवकर यायचा, उशिरापर्यंत थांबायचा. जे पाहिजे होतं ते मिळालं होतं ना? मग खेळावं की बिनघोर! पण वीरेशनं "उमाभाऊ" म्हटलं की याला चटका बसल्यासारखं व्हायचं. "तूच एक हायस" असं तो एकदा म्हणाला, तेव्हा तर यानं नेट गेल्याचं नाटक करून गेमच बंद केली. काही दिवस काम आहे सांगून एकटाच दुसऱ्या नावानं सोलो खेळत बसला. जोडीदारासाठी एवढं केलं, अन् आता जोडीदाराचीच भीती वाटायला लागली. काय म्हणावं या माणसाला?

तिकडं चाकूरकडं भलतंच वाढत चाललं होतं. वीरेशच्या घरानं चुलत्याच्या घराशी बोलणं टाकलं. चुलतभावाच्या पोरीच्या बारशाला गेले नाहीत. एका संध्याकाळी दोघं बेटावरच्या एका घरात दडून बसले होते, वीरेश खिडकीपाशी, उमाशंकर जिन्यात. वीरेश सांगत होता, "आज काकू आली होती दारात. रडली. गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून म्हणाली, माझ्या पोरानं एक शब्द काढला असंल तर माझं वाटोळं होवो. मायनं दार लावून घेतलं तिच्या तोंडावर. बरं केलं. खोटारडी."

उमाशंकरच्या मनात आलं, म्हातारी बाई लिंगावर हात ठेवून रडते, अन् आपण इथं बंदूक धरून बसलोय.

"वीरेश," तो म्हणाला, "तुझ्या चुलतभावानं न्हाई सांगितलं. म्या सांगितलं."

कानात नुसती खरखर.

"अप्पा आले होते दुकानात. सगळं चांगलंच सांगितलं म्या. पर शेवटी जीभ घसरली. तू जाशील, मी एकटा पडीन, ह्या भीतीनं बोललो. माफ कर मला."

वीरेश बोलला तेव्हा ओरडला नाही, शिवी दिली नाही.

"रोज मोबाईल खेळतो म्हणलास. कुणासंगं खेळतो, ते सांगितलंस का?"

"न्हाई," तो म्हणाला.

वीरेशनं मोबाईल खाली ठेवला असावा. त्याचा गेममधला माणूस खिडकीपाशी तसाच उभा राहिला, हलेना, बोलेना. उमाशंकर त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. हाका मारल्या. शेवटी बाहेरून कुणीतरी येऊन दोघांनाही गोळ्या घातल्या.

त्यानंतर वीरेश आला नाही. म्हणजे खेळत होता. त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका दिसायचा. उमाशंकर बोलावणं पाठवायचा, उत्तर नाही. फोन लावायचा, उचलत नाही. तो ठिपका बघत बसायचं, अन् ठिपका गेला की आपणही मोबाईल ठेवायचा, एवढंच राहिलं.

आपल्या परीनं त्यानं निस्तरायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. अप्पांच्या दुकानात जाऊन सरळ सांगितलं, "वीरेश जेवढा खेळतो तेवढाच मी खेळतो. त्याच्यासंगंच खेळतो. माझ्यात काही बिघाड दिसतो का तुम्हाला? मग त्याच्यातही न्हाई."

अप्पांनी तराजूवरचा हात काढला. "आता काय उपयोग, बाबा? पोरीची सुपारी फुटली. लातूरला दिली. दवाखान्यात काम करतो पोरगा." मग थोडं थांबून म्हणाले, "पर एवढं खरं सांगायला आलास. तुझ्यासाठी बघतो मी एखादं."

माणूस शब्दाचा पक्का निघाला. दीड-दोन महिन्यांनी देगलूरच्या आपल्या साडूला घेऊन थेट दुकानात आला. साडूच्या मुलीचं लग्न एकदा ठरून मोडलेलं, वय झालेलं, पण घराणं चांगलं. चहा आला. साडूला कमी ऐकू यायचं, त्यामुळं बोलणं चौकात ऐकू जाईल असं चाललं होतं.

"भावकी काय, चांगलंच सांगणार," साडू म्हणाले. "बाहेरचा माणूस सांगा. यांना जवळून वळखणारा. एकाशी बोललो की मी मोकळा."

उमाशंकर विचारात पडला. गिऱ्हाइकं? ती मोटारीला ओळखतात. सत्यम? त्याचा नंबरच लागत नाही. राजशेखरला आवाज तरी आठवत असेल का? नाव एकच होतं. अन् खरं सांगायचं तर त्या घडीला उमाशंकरला स्थळाचं सोयरसुतक नव्हतं. देगलूरच्या माणसाचा अनोळखी नंबर वीरेश उचलेल, अन् त्याचा आवाज कानावर पडेल, एवढंच त्याच्या मनात आलं. शिव्या दिल्या तरी चालतील. वीरेश काय वाटेल ते सांगो, पण आपल्याबद्दल सांगेल.

त्यानं नंबर सांगितला. साडूंनी तिथंच लावला, अन् ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"हॅलो, वीरेश बोलताव का? मी देगलूरहून बोलतोय. लग्नाच्या चौकशीसाठी फोन केला. मुखेडचा उमाशंकर, वायंडिंगवाला. तुमचा दोस्त हाय म्हणं. माणूस कसा हाय?"

मागं कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता. तो बंद झाला. उमाशंकर कपातल्या चहाकडं बघत बसला.

"माझा दोस्त न्हाई ओ," वीरेश म्हणाला. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "म्या तर त्या माणसाला कधी बघितलंसुद्धा न्हाई."

फोन बंद झाला. साडूंनी अप्पांकडं बघितलं, अप्पांनी उमाशंकरकडं.

"काय रे हे?" अप्पा म्हणाले. "असा कसा नंबर दिलास?"

"खरं हाय त्याचं. आम्ही कधी भेटलो न्हाई."

"मग भेटलेल्या माणसाचं नाव दे की! तुला वळखणारं दुसरं कोण हाय, त्याचं सांग."

उमाशंकरनं कप खाली ठेवला. बराच वेळ आठवून पाहिलं.

"दुसरं कुणी न्हाई, अप्पा," तो म्हणाला.