सौताड्याच्या पायऱ्या

पंचशीलाला चहा बसून पिता येत नाही. उपकेंद्रात असो की कुणाच्या घरी, कप हातात आला की ती उठून दारापाशी जाते आणि रस्त्याकडे बघत चार घोटांत संपवते. लग्नाला गेली तर पहिल्या पंगतीला जेवते, आहेर देते आणि नवरानवरी स्टेजवर चढायच्या आत परतीच्या जीपमध्ये बसलेली असते. केजच्या आसपासच्या खेड्यांत तेवीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून हिंडली, लसींचा डबा खांद्याला लावून वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या, तरी पाय काही निवले नाहीत.

नवरा प्रवीण हायस्कुलात भूगोल शिकवतो. जगातल्या नद्या त्याला उगमापासून मुखापर्यंत पाठ, पण रविवारी तो सोफा सोडत नाही. कुणी विचारलंच तर म्हणतो, "आमच्या घरात दोघांच्या वाटणीचं बसणं मीच बसतो."

चव्वेचाळिसाव्या वर्षी पंचशीला गाडी चालवायला शिकली. शिकणाऱ्यांत बाकी सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं. ती पोरं आधी ह्या बाईंना हसली आणि पंधरा दिवसांनी रिव्हर्स कसा घ्यायचा ते बाईंनाच विचारू लागली. मग एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि पहिल्याच रविवारी ती एकटी कपिलधारला जाऊन आली. तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. तीन पावसाळ्यांत लोणार झालं, रंधा झाला, वेरूळचा लेण्यांवरून पडणारा धबधबा झाला. सौताडा तर चार वेळा झाला.

पण तिचं बघणंही चहासारखंच. गाडी लावायची, कठड्यापाशी जायचं, "वा!" म्हणायचं, फोटो काढायचे आणि किल्ली हातात घ्यायची. लोणारचं एवढं मोठं विवर तिनं चाळीस मिनिटांत उरकलं, त्यात पार्किंग शोधायलाच दहा गेली. परतीच्या वाटेवर मात्र तिला हटकून वाटायचं, की आपलं काहीतरी बघायचं राहिलं. काय ते उमगायचं नाही. ती हुरहुर गुरुवारपर्यंत टिकायची आणि शुक्रवारी पंचशीला मोबाइलवर पुढचा धबधबा शोधत असायची.

तिची आई मालनबाई पाच वर्षांपासून तिच्याकडेच होती, वडील माणिकराव गेल्यापासून. वय सदुसष्ट. तिनं नवऱ्याच्या बरोबरीनं सव्वीस वर्षं ऊस तोडला होता. दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकात बसायचं, कारखान्याच्या फडाशेजारी पाचटाची कोपी घालून राहायचं आणि चैत्रात परतायचं. लेकीनं फोटो दाखवले की मालनबाई मोबाइल हातभर लांब धरायची, "पाणी हाय," म्हणायची आणि परत द्यायची.

भाद्रपदातल्या एका शनिवारी मात्र वेगळंच झालं. पंचशीला जुने व्हिडिओ पुसत बसली होती. मालनबाई पाठीमागून बघत होती.

"हे कुठलं?"

"सौताडा. पाटोद्याच्या पुढं, जामखेड रोडला."

"आवाज वाढीव जरा."

पंचशीलानं वाढवला. मालनबाईनं तो व्हिडिओ तीनदा लावायला लावला. मग म्हणाली, "मला ने उद्या."

"अगं माय, तुझा गुडघा?"

"गुडघा बी येईल की संगं."

पंचशीलाला आनंद झाला आणि लगेच तिनं बेतही आखला. एवढं डिझेल जाळायचं तर एकच ठिकाण कशाला? साडेआठला कपिलधार, साडेदहाला नायगावचं मोरांचं अभयारण्य, एकला सौताडा, पाचच्या आत घरी. सकाळी सातला गाडी निघाली. मालनबाईनं पिशवीत भाकरी, ठेचा, कांदे आणि एक जुनी चादर घेतली होती.

"चादर कावून?" पंचशीलानं विचारलं.

"बसाया."

कपिलधारला मालनबाईनं पाण्यात पाय सोडले आणि ते गार होतात न होतात तोच पंचशीलानं घड्याळ दाखवलं. नायगावला झाडीतून केका ऐकू आल्या, पण मोर एकही दिसेना. तिथला रखवालदार म्हणाला, "ह्या दिवसांत पिसं गळतेत, मावशी. लाजून बसतेत झाडीत."

"मंग थांबू की," मालनबाई म्हणाली. "लाज गेल्यावर येतील."

पंचशीलानं तोवर गाडी चालू केली होती.

सौताड्याला रविवारची गर्दी होती. वरच्या कठड्यावरून दरी दिसते आणि समोरच्या काळ्या कड्यावरून विंचरणा नदी खाली झेपावते. पाणी यंदा भरपूर होतं. पंचशीलानं आईला कठड्यापाशी उभं केलं, फोटो काढले, ते नीट आलेत का पाहिलं आणि म्हणाली, "चल माय, झालं."

"झालं? अन् खाली?"

"खाली पायऱ्या लई हायेत. तुला न्हाई व्हायचं."

मालनबाई पायऱ्यांकडे वळलीसुद्धा होती.

ती आडवी होऊन एकेक पायरी उतरत होती, दोन्ही हात कठड्याला. पंचशीला दहा पायऱ्या पुढं जायची, थांबायची, परत वर यायची, पुन्हा खाली जायची. आई एकदा उतरली तेवढ्यात लेक तीनदा उतरली असेल. अर्ध्या वाटेवर कणसं भाजत बसलेली दगडाबाई नावाची एक म्हातारी दोघींकडं बघत होती. न राहवून ती पंचशीलाला म्हणाली, "बाई, तुमी कुणाला हुडकायलाव का?"

खाली पोचल्यावर मालनबाईनं तुषार उडत नव्हते असा एक सपाट खडक निवडला, चादर अंथरली आणि पाण्याकडं तोंड करून बसली. भाकरीचं फडकंही सोडलं नाही. पंचशीलानं व्हिडिओ घेतला. रामेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन आली. हात धुतले. मोबाइलला रेंज नव्हती, तरी दोनदा काढून बघितला. अर्धा तास गेला.

"माय, निघू?"

"बस."

"आभाळ आलंय."

"येऊ दे."

पंचशीला पुन्हा देवळापर्यंत गेली. परतताना पोरांच्या एका घोळक्याचा फोटो काढून दिला, घसरड्या दगडावर चाललेल्या एका माणसाला दटावलं. तास झाला. आई जशी बसली होती तशीच. आता पंचशीलाचा धीर सुटला.

"काय हाय त्याच्यात एवढं? पाणीच हाय ना?"

मालनबाईनं मान वळवली नाही. पाण्याच्या आवाजात तिचं बोलणं ऐकू यावं म्हणून पंचशीलाला खाली वाकावं लागलं.

"तू पोटात होतीस तवा. आठवा लागलता. मुकादमानं ट्रक भरला अन् हितं वर, रोडला, ट्रकाचा पाटा तुटला. मुकादम म्हनला, जामखेडहून दुसरा येस्तोवर चार घंटे लागत्याल. समदी टोळी पाण्याला खाली आली. बाया, बाप्ये, लेकरं. तुझा बाप बी. तवा ह्या पायऱ्या कुठल्या? नुसती दगडाची वाट. मला म्हनले, तू न्हाई उतरायचं. मी वर बसले सामान राखत."

"मग?"

"मंग काय. नुसता आवाज यायचा. अन् ह्या बाया वल्ल्या केसानं हसत वर आल्या. आपल्या टोळीतली कौशल्या तर बोलायलीच व्हती. पुढं सहा म्हैने, कोपीत म्हन, फडात म्हन, मोळी बांधताना म्हन, ह्यांचं एकच. सौताड्याचं पाणी आसं अन् सौताड्याचं पाणी तसं. मी ऐकायची. मधीच कुनी म्हनायचं, तू न्हाई का बघितलं? सव्वीस साल त्याच रोडनं गेलो. ट्रक काय परत थांबला न्हाई."

पंचशीला खडकाच्या कडेला टेकली. "मी चार वेळा येऊन गेले इथं. मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कवा बसलीस ऐकाया?"

मालनबाईच्या आवाजात राग नव्हता. बाहेर ऊन पडलंय हे सांगावं तसं तिनं सांगितलं. पण पंचशीलाला ते लागलं. आपण पोटात होतो म्हणून आईला वर बसावं लागलं, आणि पुढं ती ज्या पाण्याचं नुसतं ऐकत राहिली त्याचे आपण चार वेळा फोटो काढून परतलो. पंचशीला पाण्याकडं बघत राहिली. पाणी कड्यावरून सुटताना एकसंध होतं, मध्ये एका खडकावर आपटून त्याच्या दोन धारा होत होत्या. हे तिनं आजवर पाहिलं नव्हतं. पाचेक मिनिटं ती अशी बसली असेल. मग तिच्या उजव्या पायाचा अंगठा आपोआप हलायला लागला.

मालनबाईनं ते पाहिलं. "लहानपणी बी आशीच व्हतीस. कोपीत ठरायची न्हाई."

"कोपीत नाही," पंचशीला म्हणाली. आणि जे तिनं प्रवीणलाही कधी सांगितलं नव्हतं ते तिच्या तोंडून निघालं. "हॉस्टेलात. तुम्ही मला नवव्या वर्षी अंबाजोगाईला ठेवलंत ना. दिवाळी सरली की मी वळकटी बांधून ठेवायचे. रस्त्यावर ट्रकाचा हॉर्न वाजला की दारात. वाटायचं, तुम्ही जाताना मला घ्यायला थांबणार. बाई ओरडायच्या, वळकटी सोड. मी रात्रीपुरती सोडायचे, सकाळी परत बांधायचे. दोन-तीन वर्षं."

मालनबाईनं पाण्यावरची नजर लेकीकडं वळवली. मग म्हणाली, "आगं, आमचा ट्रक अंबाजोगाईच्या वाटंलाच नसायचा. आमची वाट ही. हिकडनं."

"ते मला कुठं माहीत होतं?"

मालनबाईनं पिशवी ओढून भाकरी काढली, मोडली, वर ठेचा ठेवला आणि लेकीच्या हातात दिली. दोघी जेवल्या. एक वानर जवळ येऊन बसलं, त्याला मालनबाईनं कांदा दाखवला. ते नाक मुरडून गेलं, तेव्हा दोघींना हसू आलं.

निघाल्या तेव्हा तीन वाजले होते. खरी परीक्षा चढताना झाली. तिसाव्या-चाळिसाव्या पायरीवर मालनबाईचा गुडघा धरला. तिला पाय टेकवेना. पंचशीलाच्या अंगातली नर्स जागी झाली. पट्टी गाडीत होती, गाडी वर. ती धावतच निघाली, तशी दगडाबाईनं कणसांमागून हाक दिली, "आता एकलीला टाकून कुठं चाललाव? हे घ्या." तिनं आपलं बसायचं लाकडी पाटकुळं आणि डोक्याला गुंडाळलेला सुती रुमाल पुढं केला.

पंचशीलानं तो रुमाल गुडघ्याला आवळून बांधला. मग एक हात आईच्या कमरेला, दुसऱ्या हातात पाटकुळं. दहा पायऱ्या चढायच्या आणि आईला बसवायचं. आई बसली की पंचशीलाही बसायची, उभ्यानं दम पुरत नव्हता. खालून-वरून पोरंपोरी चढत-उतरत होती, ह्या दोघींना वळसा घालून जात होती. दर थांब्याला मालनबाई मागं वळून पाणी बघायची. पंचशीला आधी उरलेल्या पायऱ्या बघायची. पाचव्या-सहाव्या थांब्यानंतर तीही वळून बसू लागली, कारण वर बघितलं की छाती दडपायची. वर यायला दीड तास लागला. पाटकुळं आणि रुमाल परत करायला पंचशीला पुन्हा अर्धी दरी उतरली, दोन कणसं घेतली आणि धापा टाकत वर आली.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. प्रवीणनं विचारलं, "किती ठिकाणं झाली?"

"माय सांगेल," म्हणत पंचशीला गुडघ्याला लावायला बर्फ काढायला गेली.

गुडघा आठ दिवस सुजून होता. मालनबाईला त्याचं काही नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तिनं लेकीला नंबर लावायला लावला आणि कौशल्याबाईला फोन केला. "बघितलं मी," एवढंच सांगितलं. मग दोघींचं भांडण जुंपलं. कौशल्याबाई म्हणे, पाणी देवळाच्या बाजूनं पडतं. मालनबाई म्हणाली, "तुला काय ठावं गं, तू सत्तेचाळीस सालं मागचं बोलतीस, मी कालचं बोलते." फोन पाऊण तास चालला. पंचशीलानं तो स्वयंपाकघरात ऐकला, चहाचा कप हातात घेऊन, उभ्यानं.

तिची घाई गेली नाही. तसं कुणाला वाटत असेल तर ते खोटं आहे. ती अजूनही सिग्नल सुटायच्या आत गिअर टाकते, अजूनही शुक्रवारी मोबाइलवर ठिकाणं शोधते. फक्त आता एका रविवारी एकच ठिकाण असतं. ते ठिकाण मालनबाई ठरवते आणि भाकरी चार माणसांची होते, कारण कौशल्याबाई असते आणि एखादी वाटेत भेटते.

कार्तिकात त्या येडशीच्या रामलिंगला गेल्या. घाटातल्या झाडीत, ओढ्याकाठी दोघी म्हाताऱ्यांनी चादर अंथरली आणि टोळीतल्या कोण गेल्या, कोण राहिल्या ते मोजत बसल्या. पंचशीलाही बसली. वीस मिनिटं तिनं नेटानं काढली. ओढ्यातली पानं मोजली, आईचं ऐकलं, मधे दोन प्रश्नही विचारले. मग तिनं चप्पल पायात सरकवली, थांबली, परत काढली.

मालनबाईनं बोलणं न तोडता तिच्या पाठीवर हात मारला.

"जा, हिंडून ये. आमी हाव हितं."

पंचशीला उठली आणि झाडीतल्या पायवाटेनं चढाकडं निघाली. पहिल्या वळणावर तिनं मागं पाहिलं. दोघी बसल्या होत्या. ती पुढं गेली, पावलं नेहमीसारखीच भरभर पडत होती.