गणपतरावांचं टोपण

कसबा बावड्यात गणपतरावांना सगळे 'रेडिओ' म्हणत, आणि त्यांना राग यायचं सोडाच, उलट मान ताठ व्हायची. शाळा चौथीत सुटलेली, पण गोठ्यात खुंटीला टांगलेल्या रेडिओवरचा शेतीचा एकही कार्यक्रम त्यांनी कधी चुकवला नाही. कुठल्या किडीला काय मारायचं ते तोंडपाठ. ऐकलेलं आधी स्वतःच्या रानात करून बघायचे आणि मग बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत लोकांना सांगत सुटायचे. कुणी विचारो न विचारो, ही खोड मात्र होतीच.

परवा रेडिओ केंद्रानं त्यांनाच बोलावलं. मुलाखत घेणाऱ्या पूर्णिमाताईंनी सोयाबीनमधल्या तणाचा विषय काढला, तसे गणपतराव खुलले. फवारणीच्या एका पंपाला तीन टोपणं तणनाशक घाला आणि बिनघोर मारा, म्हणाले. काल संध्याकाळी ते रेडिओवर लागलं आणि सगळ्या गल्लीनं ऐकलं.

आज सकाळी रानात सून क्रांती पंप भरायला बसली. बाटलीला एवढं मोठं टोपण असताना मामा ते जुनं बारकं कशाला वापरतात, असं तिनं सहज विचारलं. वीस वर्षं हेच माप हाय, हात बसलाय, गणपतराव म्हणाले. तिनं बारक्या टोपणानं पाणी मोजून मोठ्यात ओतलं. एक, दोन, तीन. तेव्हा कुठं ते भरलं.

गणपतरावांना चूक उमगली. ऐकणारा जो तो आपल्या बाटलीचंच टोपण घेणार. तिप्पट औषध! तण मरेल आणि त्याच्याबरोबर सोयाबीनही जळून जाईल. आणि औषध मारायची वेळ हीच, सकाळची, वारा नसतो ती. पलीकडच्या बांधावरून एकजण पाठीला पंप लावून चाललेला दिसला. गणपतराव हात हलवत बांधाकडं निघाले. क्रांती ओरडली म्हणून तो थांबला.

तो एक थांबला, बाकीच्यांचं काय? केंद्राचा फोन कुणी उचलेना. क्रांतीनं गाडी काढली आणि सासऱ्याला मागं बसवलं. वाटेत रान दिसलं की म्हातारा वळून बघायचा, आणि कुणाच्या पाठीवर पंप दिसला की त्याचा जीव खाली-वर व्हायचा. आता अब्रूची भीती होतीच, खोटं कशाला बोला? पण आपल्या शब्दावर विसंबून कुणाचं उभं पीक जाईल आणि का गेलं हे त्याला कळणारही नाही, ही भीती त्याहून मोठी होती. केंद्राच्या पायऱ्या ते क्रांतीच्याही आधी चढले.

सगळं ऐकून पूर्णिमाताईंचा चेहरा उतरला. त्यांनी चालू गाणं मध्येच तोडलं आणि गणपतरावांना माइकपुढं बसवलं.

"मी गणपतराव, बावड्याचा. काल मी चुकीचं सांगिटलं. माझं टोपण बारकं हाय. टोपणानं मापू नगा, बाटलीवर लिवलंय त्येवढंच घ्या. पंप भरला आसंल तर मारू नगा."

ज्यांनी आधीच मारलं असेल त्यांनी लगेच फोन करावा, असं सांगून ताईंनी नंबर दिला. पहिला फोन आला तो पेठ वडगावच्या जोतीराम नावाच्या शेतकऱ्याचा. आता शिव्या खायच्या, म्हणून गणपतरावांनी खुर्ची घट्ट धरली. पण माणूस शांतपणे बोलत होता.

"पावणं, आवाज वळखीचा वाटला म्हणून फोन केला. मी आज काय मारलं न्हाय. गेल्या साली वडगावच्या बाजारात तुमीच मला तीन टोपणं सांगिटली व्हती. दीड एकर जळालं. दुकानदारानं खोटं औषध दिलं म्हणून मी त्याच्या अंगावर गेलतो."

पूर्णिमाताईंनी माइक बंद केला आणि आणखी कुणाकुणाला सांगितलंय, नावं आठवतात का, असं हळूच विचारलं.

गणपतरावांनी बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली.

"लई जणास्नी सांगिटलं, ताई," ते म्हणाले. "नाव कुनाचं इचारलंच न्हाय."