फाळक्याची उंची

बाळासो चौगलेच्या पिकअपचे टायर गुळगुळीत झाले होते, ही तशी त्याची घरगुती बाब. पण ती त्यानं तालमीसमोरच्या चहाच्या बाकावर बोलून दाखवली आणि तिथून पुढं ती त्याची राहिली नाही. कोल्हापुरात माणूस एक वेळ लग्न गुपचूप करील. टायर गुपचूप बदलणं अवघड आहे.

बाळासो पन्नाशीला आलेला, अंगानं आडवा, तोंडानं कमी. राहायला कळंब्यात, पण तालीम पेठेतली, बापाच्या वेळेपासूनची. पिकअप फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना ओढ असलेली. एका ठेकेदाराकडून जुनी घेतलेली. तिच्यातून तो रोज सकाळी गगनबावड्याच्या बाजूच्या वाड्यांवरचं दूध खाली आणायचा. डांबरी सोडून तांबड्या वाटेनं वर चढत गेलं की शेवटी करंजवाडी. पावसाळ्यात त्या वाटेला रस्ता म्हणणं हा नकाशा काढणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा. बाळासोच्या आधी येणाऱ्या दुसऱ्यांच्या गाड्या खाली डांबरीवर थांबून हॉर्न वाजवायच्या, आणि बायका कॅन डोक्यावर घेऊन चिखलातून उतरायच्या. बाळासोची गाडी वर जायची. आयुष्यात त्याच्या नावावर मांडण्यासारखं जे काही होतं ते एवढंच, आणि ते त्याला पुरत होतं.

करंजवाडीचा एक रिवाज होता. मागं एका ड्रायव्हरनं कॅन चढवताना अदलाबदल केली, दुसऱ्याचं घट्ट दूध आपल्या पाहुण्यांच्या नावावर घातलं, असा बोभाटा झाला होता. खरंखोटं त्यालाच माहीत. पण तेव्हा विठाबाई नावाच्या बाईनं सगळी वाडी गोळा करून कायदा केला: जिचं दूध तिनंच उचलायचं आणि गाडीत आपल्या जागेवर ठेवायचं. ड्रायव्हरनं हात लावायचा नाही, शेजारणीनं नाही, नवऱ्यानंही नाही. नवऱ्यांनी या कायद्याला अजिबात विरोध केला नाही. त्यामुळं पिकअपचा मागं पाडलेला फाळका ही त्या वाडीची सरहद्द होती. फाळक्यापर्यंत दूध बाईचं, फाळक्याच्या आत बाळासोचं.

तर टायर.

"कंपनीचंच टाकावं म्हणतोय," बाळासो बाकावर म्हणाला.

कुस्तीच्या मैदानात येऊन एखाद्यानं कॅरम हाय का विचारावं, तशी शांतता पसरली.

"कंपनीचं?" गणपतराव म्हणाले. गणपतराव तालमीतले सगळ्यांत वडील. सायकलीपलीकडं त्यांनी काही चालवलेलं नव्हतं, त्यामुळं गाड्यांबद्दलची त्यांची मतं अनुभवानं बिघडलेली नव्हती. "आरं, टायर म्हंजे पैलवानाची मांडी. मांडी बारीक असली की गडी कितीबी उंच असूंदे, जातोय पाठीवर. त्या राजवर्धनची गाडी बघितलीस न्हवं?"

राजवर्धन शेजारच्या तालमीचा. त्याच्याकडंही तशीच पिकअप होती. तिच्या हौद्यात आजवर गणपतीची मूर्ती सोडून काही चढलेलं नव्हतं, पण टायर असे की बघणाऱ्यानं वाट सोडावी.

"त्याचं दोनशे पासष्टचं हाईत," कुणीतरी माहिती पुरवली.

"मग आपलं त्याच्या वरचं पायजेत," गणपतराव म्हणाले, आणि टायरची निवड संपली. चिखल, घाट, ओझं हे विषय निघालेच नाहीत असं नाही. ते नंतर निघाले. ठरून गेलेल्या गोष्टीला कारणंही लागतात म्हणून.

दिलदारच्या टायरच्या दुकानात बाळासो एकटा जायचा म्हणत होता. पाच जण बरोबर आले. दिलदारनं आधी कंपनीचं माप सांगितलं: दोनशे पस्तीस, पंचाहत्तर, पंधरा. दोनशे पस्तीस ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. पंचाहत्तर म्हणजे टायरची भिंत त्या रुंदीच्या किती टक्के उंच ते. आणि पंधरा ही आतल्या रिंगची इंचं. मिलिमीटर, टक्के आणि इंच एकाच टायरवर इतक्या गुण्यागोविंदानं नांदतात. पेठेतल्या दोन गल्ल्यांना ते जमलेलं नाही.

"आन् मोठा?" पाचांतला एक म्हणाला.

"एकतीस इंची हाय की. सगळा टायर एकतीस इंच उंच, साडेधा इंच रुंद."

"मिलिमीटरात किती?"

दिलदारनं मोबाइलवर गुणाकार केला. "दोनशे सदुसष्ट."

म्हणजे राजवर्धनपेक्षा दोन मिलिमीटर जास्त. तालमीची अब्रू थोडक्यात वाचली.

"तुझं काय मत, दिलदार?" बाळासोनं विचारलं. दिलदारचं टायरबद्दल एक ठाम मत होतं आणि ते गिऱ्हाईक बघून तयार व्हायचं. "झकास दिसंल भावा," तो म्हणाला.

टायर चढले, आणि स्टिअरिंग पुरतं वळवलं की मडगार्डला घासायला लागले. मोठा टायर मोठी जागा मागतो. मग पलीकडच्या मिस्त्रीनं मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवला आणि पुढूनही गाडी उचलून दिली. टायरची वाढ आणि पाट्याची वाढ मिळून गाडी चार बोटं वर गेली. कुणी मोजलं नाही. मोजायचं ते दोन मिलिमीटर मोजून झालं होतं.

संध्याकाळी तालमीसमोर पूजा झाली. हलगी कडाडली, नारळ फुटला, चारी टायरांना हार पडले, चाकांखाली लिंबं ठेवली आणि बाळासोनं ती एका दमात चिरडली. ओवाळायला आलेल्या त्याच्या बायकोनं, संयोगितानं, दार उघडून पाय टाकून बघितला.

"शिडी कुठं ठेवलीया?" ती म्हणाली.

सगळे हसले. ते कौतुक म्हणून धरण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी गाडी करंजवाडीची वाट चढली ती न बोलता. जिथं आधी पहिल्या गिअरमध्ये गाडीला आणि देवाला दोघांना विनवावं लागायचं, तिथं नवे टायर चिखल चावत वर गेले. बाळासोनं एकटाच असून कॉलर ताठ केली.

विठाबाईचं घर वाडीत पहिलं. वय सत्तरीच्या आसपास, अंग काडीसारखं, उंची बेताची. नवरा जाऊन वर्षं झालेली, लेक दिलेल्या घरी. घरात बाई आणि गोठ्यात म्हैस. दोघींचं एकमेकींवाचून चालत नव्हतं, पण कुणी तसं बोलून दाखवत नव्हतं. कॅन उचलायची तिची एक रीत होती: आधी गुडघ्यावर, मग छातीला, मग एक हिसका आणि फाळक्यावर. बाळासो तोवर कडेला उभा राहून बिडी काढायचा. त्या दिवशी हिसका बसला आणि कॅन फाळक्याच्या कडेवर आपटून परत छातीवर आला. दूध झाकणातून उसळलं. दुसऱ्या वेळी तिनं हनुवटी लावून कसाबसा वर लोटला.

"पाय सरकला," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशीही पाय सरकला. चौथ्या दिवशी तिनं पायाचं नाव घेतलं नाही. बाकीच्या बायका तरण्या होत्या. त्या गाडीला चार शिव्या घालून कॅन वर टाकायच्या. शेजारची वर्षाराणी पुढं आली. "द्या हिकडं आत्ती, मी ठेवते."

"कायदा कुणी केलता?" विठाबाईनं विचारलं.

"तुमीच की."

"मग सर बाजूला."

बाळासोनं खरं ते सांगून बघितलं. "मावशी, तुमचं काय न्हाय, गाडीच उंच झालीया. टायर मोठं टाकल्यात."

"गाडी कुठं वाढती व्हय रं? वाढतंय ते माणसाचं वय."

"न्हाय, खरंच—"

"आसूंदे. बरं वाटावं म्हणून बोलतोयस. कळतंय मला."

मग त्यानं घरून एक भक्कम लाकडी खोकं आणलं आणि फाळक्याखाली ठेवलं. विठाबाईनं ते पायानं ढोसून बघितलं.

"ह्याच्यावर हुभी ऱ्हाऊ? का रं, लगीन लावालायस व्हय माझं? अंतरपाट कुठाय?"

बायका हसल्या, विठाबाईही हसली. पण खोक्यावर ती चढली नाही, आणि त्या दिवशी कॅन फाळक्यावर जाईपर्यंत कुणालाच कुणाकडं बघवलं नाही.

कॅन ठेवून तिनं पदरानं तोंड पुसलं. "उद्या सोमवारी मलकापूरचा व्यापारी येनार हाय," ती म्हणाली. "म्हस बघायला."

"म्हस? का?"

"हातच गेलं, बाळू. हात गेल्यावर म्हस कशाला?" कोंबड्या झाकायला झाल्या, असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं आणि आत गेली.

घाट उतरताना बाळासोनं नेहमीची गाणी लावली नाहीत. त्यानं आयुष्यात कुणाचं वाईट केलेलं नव्हतं. तेवढा उरकच त्याच्यात नव्हता. आणि आता एक बाई धडधाकट असून म्हातारी झाली होती, ती त्याच्या गाडीनं. म्हैस गेली की ती ओसरीवर बसणार, आणि ओसरीवर बसलेली बाई खरंच म्हातारी व्हायला किती वेळ लागतो हे त्यानं आपल्या आईच्या बाबतीत बघितलं होतं. नुसता पाटा काढावा तर टायर घासणार. टायर तसेच ठेवावेत तर पाटा लागणार. घाट संपला तेव्हा विचारही संपला होता.

"परत घे," त्यानं दिलदारला सांगितलं.

दिलदारनं टायरभोवती एक फेरी मारली. रबरावर हळदीचे डाग होते, खाचेत लिंबाची एक बी.

"हार घातलेला टायर मी परत घेत न्हाय, भावा. ह्यो तुझ्या देवानं बघितलेला माल. त्याला नवा म्हणून कसा इकू?"

"मग जुना म्हणून घे."

"जुन्याला ह्या मापाचं गिऱ्हाईक गावात एकच हाय." दिलदारनं शेजारच्या तालमीच्या बाजूला मान केली. "राजवर्धन."

बाळासोनं दुकानातल्या कॅलेंडरकडं बघितलं. त्यावर आजचा रविवार तांबड्या शाईत होता. "बोलव त्याला," तो म्हणाला.

राजवर्धन आला तो चार पोरं घेऊन. टायर बघितले, हळद बघितली, आणि अतिशय प्रेमानं म्हणाला, "बाळासो, पुसू नका. तसंच बसवतो. तुमच्या तालमीचा प्रसाद म्हणायचा." बाळासो म्हणाला, "म्हण." मिस्त्रीनं पाटा काढला. दिलदारनं कंपनीच्याच मापाचे टायर बसवले, दोनशे पस्तीसचे, फक्त खोल खाचांचे, चिखलाला जरा बरे.

संध्याकाळी तालमीसमोरच्या बाकावर जागा होती, पण सरकून ती देणारं कुणी नव्हतं. बातमी आधीच येऊन बसली होती.

"कशापायी केलंस ह्ये?" गणपतरावांनी विचारलं.

बाळासोनं विठाबाईचं सांगितलं. तो बोलत गेला तसा त्याला स्वतःलाच ते कारण लहान लहान वाटायला लागलं.

"म्हंजे म्हातारीच्या खांद्यापायी," गणपतराव सावकाश म्हणाले, "तू तालमीची मांडी इकलीस. आन् ती बी राजवर्धनला."

"व्हय, आण्णा."

यावर वाद घालता आला असता तर गणपतरावांना बरं वाटलं असतं. पण बाळासो चहा न घेताच उठला, आणि पुढं बरेच दिवस त्या बाजूला फिरकला नाही.

सोमवारी करंजवाडीची वाट त्यानं दम खात चढली. एका वळणावर गाडी मागं सरकली, आडवी झाली. दोनदा मागं घेऊन तिसऱ्यांदा चढवावी लागली. मोठ्या टायरांनी हे केलं नसतं. वर पोचला तेव्हा मलकापूरचा व्यापारी गोठ्यात उभा होता आणि म्हशीच्या पाठीवर हात फिरवत तिच्यात काय काय कमी आहे ते सांगत होता. बाळासोनं फाळका पाडला आणि बिडी काढायला कडेला झाला. काडी पेटेना.

विठाबाई कॅन घेऊन आली. गाडीकडं तिनं बघितलंही नाही. तिची नजर फाळक्याच्या कडेवर होती, अवघड गिऱ्हाइकाकडं बघावं तशी. गुडघ्यावर, छातीला, हिसका. कॅन फाळक्यावर गेला आणि जरा जास्तच आत सरकला, कारण तिनं जोर चार बोटांचा जास्त लावला होता.

ती तशीच उभी राहिली. उजवा हात डोळ्यांसमोर धरून तिनं उलटासुलटा करून बघितला. मग गोठ्याकडं वळली.

"ओ पावणं! म्हस इकायची न्हाय."

"आवो बाई, परवा तर सांगावा धाडलासा!"

"परवाचं परवा. च्या घ्या आन् जावा."

व्यापारी पुटपुटत बाहेर आला. विठाबाईनं खांदा दोनदा गोल फिरवला. बाळासो काहीतरी बोलायच्या बेतात होता, तेवढ्यात तीच म्हणाली, "लेकीनं तेल धाडलंतं. रोज चोळलं. बघ, कसा गुण आला."

बाळासोनं खाली टायरांकडं बघितलं, चिखलानं भरलेल्या, कंपनीच्या मापाच्या. "व्हय मावशी," तो म्हणाला. "तेल चांगलं दिसतंय."

"ने की बाटलीभर. तुझ्या गाडीलाबी लाव. आज लई घसरत आलास."