ब्रेमेनचे आठ टप्पे

लंडनमधल्या एजवेअरच्या मराठी मंडळात कुणी परगावी फिरायला निघालं की आधी जयंत पिंपळखरेचा कागद मागायचा अशी पद्धत आहे. गाइड नको, बस नको, छत्रीवाल्या बाईच्या मागे मेंढरांसारखं चालणं तर नकोच. जयंतच्या एका कागदावर अख्खं शहर बसतं. निघायचं कुठून, बाक कुठे, टॉयलेट कुठे, शाकाहारी काय मिळेल, सगळं. आणि त्यात उजवीकडे-डावीकडे नसतं, पूर्वेला-पश्चिमेला असतं. माणूस वळला की उजवं-डावं बदलतं, पूर्व बदलत नाही, असं त्याचं म्हणणं. पुण्याचा माणूस, त्यातून जन्मभर सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्याशी वाद कोण घालणार?

पण गोष्ट त्याची नाही, त्याच्या बायकोची आहे.

सुप्रभा नागपूरची. लंडनच्या एका हॉस्पिटलात तिने एकतीस वर्षं एक्सरे आणि स्कॅन काढले. लोकांना वाटतं एक्सरेत हाडं बघायची असतात. सुप्रभा सावल्या बघायची. कशाची आहे, कुठून पडली, तिथे असायला हवी का नको. रिटायर झाली तरी ही खोड गेली नाही. मंडळाच्या गणपतीचे फोटो आले की ही म्हणणार, "हा सकाळच्या आरतीचा नाही हं, उन्हं बघा." लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं?

तिच्यात एकच उणीव होती. स्कॅन काढणाऱ्याने पेशंटला निदान सांगायचं नसतं, तोंडावरही दिसू द्यायचं नसतं. परक्यांपुढे तिला ते छान जमायचं. आपल्या माणसापुढे कधीच नाही. तिचा धाकटा भाऊ एकदा लंडनला आला होता, महिनाभर खोकत होता. त्याची फिल्म बघून ती घरी आली, चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली, अजून तोंडही उघडलं नव्हतं, तर तो म्हणाला, "ताई, किती दिवस आहेत?" चार महिने होते. पण तो त्या संध्याकाळीच संपला होता, हे शेजारी बसलेल्या जयंतने पाहिलं होतं.

यंदा मार्चमध्ये सुप्रभाचा गुडघा बदलला. मे महिन्यात दोघांचं जर्मनीतलं ब्रेमेन ठरलं होतं, ते बारगळलं. एके दिवशी जेवताना जयंत म्हणाला, "मी एकटा जाऊन येतो. आठवडाभर. तू घरी बसून माझ्याबरोबर चाल. एकेक टप्पा झाला की मी फोटो ईमेल करीन, तू कागदावर खूण कर." तिला जरा लागलं. चाळीस वर्षांत तो तिच्याशिवाय कुठे गेला नव्हता. पण गुडघ्यापायी त्यालाही घरात कोंडून ठेवायचं तर तेही बरं नव्हे, म्हणून ती हो म्हणाली.

निघाला तो मंगळवारी पहाटे. गल्लीतला अंशुमन गाडी घेऊन आला होता, विमानतळावर सोडायला. सुप्रभाने चहा टाकला होता. जयंत म्हणाला, "नको, तिकडेच घेईन." घरातून बिनचहाचा निघालेला जयंत तिने कधी पाहिला नव्हता. दारात त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, एखाद्या लहान मुलीच्या ठेवावा तसा, आणि गेला. तिने दार लावलं आणि आलं घातलेला दोन कप चहा ती एकटीच प्यायली.

अकरा वाजता पहिला ईमेल आला. टाऊन हॉलच्या भिंतीशी गाढव, त्यावर कुत्रा, त्यावर मांजर, त्यावर कोंबडा, असा तिथला प्रसिद्ध पुतळा. खाली जयंतची ओळ: "टप्पा एक. गाढवाचे पाय धरले आणि मनातलं मागितलं. काय ते सांगणार नाही." फोटोत भिंतीवर झक्क ऊन पडलं होतं. सुप्रभाने कागदावर खूण केली. काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना.

बारा वाजता कॅथेड्रल आलं. एक वाजता जुन्या वस्तीतली बोळं, खाली लिहिलेलं, "दोन जाडी माणसं समोरासमोर आली तर एकाला घरी परत जावं लागेल." ती हसली, आणि हसता हसता घड्याळाकडे तिचं लक्ष गेलं. बरोबर एक. मागचा बरोबर बाराला, त्याच्या आधीचा बरोबर अकराला. मिनिटाचा फरक नाही. अडुसष्ट वर्षांचा माणूस अनोळखी गावात पायी हिंडतोय, आणि पोचतोय मात्र ठोक्याला?

तिने फोन लावला. बंद. रोमिंगचे पैसे वाचवत असेल, ती स्वतःला म्हणाली. दोन वाजता नदीकाठ आला: "वारा आहे, पण टोपी घातली आहे." तिने लगेच, मेल उघडल्या उघडल्या, पुन्हा फोन लावला. बंद. म्हणजे फोन बंद होता आणि तो बंद फोनवाला माणूस मेल पाठवत होता. सुप्रभा जेवायची राहिली. घरात फ्रिजचा आवाज फार मोठा वाटायला लागला, म्हणून तिने रेडिओ लावला, आणि मग तोही बंद केला.

तीन वाजता चिनीमातीच्या घंटा आल्या. "तुला आवडल्या असत्या." असत्या, या शब्दावर तिने बोट ठेवलं.

चार वाजता रोलंड आला. बाजारचौकातला तो दगडी योद्धा, हातात तलवार, चेहऱ्यावर कोवळं लख्ख ऊन. सुप्रभाने जयंतचा कागद जवळ ओढला. त्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: रोलंडचं तोंड कॅथेड्रलकडे, पूर्वेला. लंडनला चार म्हणजे तिकडे पाच. ऊन पश्चिमेकडून, त्याच्या पाठीवर हवं. तोंड सावलीत हवं. तिने पहिला फोटो पुन्हा उघडला. गाढव-कुत्र्याचा पुतळा: टाऊन हॉलची पश्चिमेची भिंत. तिथे सकाळचं ऊन पोचेलच कसं? सकाळचा फोटो दुपारचा होता आणि दुपारचा सकाळचा. जयंतने तिला आयुष्यभर पूर्व-पश्चिम शिकवली आणि नेमका तिथेच सापडला.

जयंत ब्रेमेनमध्ये नव्हता.

मग कुठे होता? क्षणभर तिच्या मनात नको नको ते येऊन गेलं, बाईच्या मनात येतं ते सगळं. आणि मग आठवला तो चहा. पहाटे नाकारलेला. आदल्या रात्री नवाच्या आत उरकलेलं जेवण. बॅगेत भरलेला पुढून बटणांचा पायजमा-शर्ट. एकतीस वर्षं ती शेकडो लोकांना विचारत आली होती, सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं नाही ना? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तिला स्वतःचा असा राग आला की गुडघा विसरून ती ताडकन उठली.

तिसऱ्यांदा लावला तेव्हा अंशुमनने फोन उचलला. त्याच्यामागे ट्रॉलीची चाकं खडखडली. तो आवाज तिला कुणी सांगायला नको होता.

"अंशुमन, कुठला वॉर्ड?"

चाकांचा आवाज लांब गेला. मग म्हणाला, "काकू, काकांनी शपथ घातली होती. प्लीज चिडू नका. लंगमध्ये शॅडो निघाली, एप्रिलमध्ये. आज ऑपरेशन."

"मला का नाही सांगितलं?"

"ते म्हणाले, तिचा चेहरा बघितला तर मी टेबलावर चढणारच नाही. शुद्धीवर आलो की सहा वाजता मीच फोन करीन, तोवर तिला सुखाने फिरू दे. मेल त्यांनी रविवारीच टायमिंग लावून ठेवलेत. फोटो माझे आहेत, लास्ट इयरच्या माझ्या ब्रेमेन ट्रिपचे. मी त्यांचा कागद उलटा फिरलो होतो, शेवटापासून. त्यांना ते सांगायचं राहून गेलं."

"आत कधी नेलं?"

"साडेआठला. बारापर्यंत व्हायला हवं होतं. मी दोनदा विचारलं. वेट करा म्हणतात."

सव्वाचार झाले होते. हॉस्पिटलचं नाव विचारून सुप्रभाने कुबडी घेतली, टॅक्सी बोलावली. टॅक्सीत पाच वाजले आणि ईमेल आला. झाडीतली पवनचक्की. "टप्पा सात. जरा बसलो आहे बाकावर. घाई नाही." तिने तो दोनदा वाचला. कागद घाईघाईत पर्समध्ये आला होता, पेनही होतं. हे सगळं खोटं आहे हे माहीत असून तिने सातव्या टप्प्यावर खूण केली. आठवा उरला होता, स्टेशन.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये अंशुमन भिंतीला टेकून उभा होता, लाल डोळ्यांनी. ती त्याला रागावणार होती. नाही रागावली. "घरी जाऊन काहीतरी खा," म्हणाली. तो गेला नाही. दोघं निळ्या खुर्च्यांवर बसले. सहाला दहा कमी असताना आतलं दार उघडलं आणि हिरव्या कपड्यांतल्या सर्जनबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, देविकाच्या, सुप्रभाच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. समोरची खुर्ची ओढली आणि सुप्रभाच्या गुडघ्याजवळ बसल्या.

चांगली बातमी डॉक्टर उभ्याउभ्याच सांगतात. इतक्या वर्षांत एवढं तर सुप्रभाला कळतच होतं.

"मिसेस पिंपळखरे," त्या म्हणाल्या.

सुप्रभाने हात वर केला. इंग्रजीत, अगदी सौम्यपणे म्हणाली, "डॉक्टर, सहा वाजेपर्यंत थांबता का? दहाच मिनिटं. ते अजून चालतायत."

सर्जनबाईंनी अंशुमनकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. काय समजलं त्यांना कोण जाणे, पण त्या बसून राहिल्या. तिघंही बसून राहिले. समोरून कुणीतरी चहाची गाडी ढकलत गेलं.

बरोबर सहाला फोन थरथरला. स्टेशनची लाल विटांची इमारत, संध्याकाळ म्हणून पाठवलेली कुणाचीतरी सकाळ. "टप्पा आठ. झाला फेरा. पाय भरून आलेत, पण मजा आली. आता तुला फोन करतो."

तिने कागदावर आठवी खूण केली. फोन मांडीवर उलटा ठेवला, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि म्हणाली, "आता सांगा."