दुहेरी गोलातलं पाकीट

मी जळगावला, केळीच्या गाड्या भरून पाठवणाऱ्या एका ऑफिसात कामाला. माहेर सोनगीरकडचं, त्यामुळे शेतकऱ्यांची अहिराणी कळते. हे गेले, लेक सासरी, तेव्हा घरात बोलायला कोणी नाही. जे काय बोलणं व्हायचं ते सकाळी फोनवर. शेतात गाडी पाठवायच्या आधी शेतकऱ्याला विचारायचं, घड कापायला मजूर आहेत ना? विचारता विचारता सुनेचं बाळंतपण, म्हशीचं दूध, सगळं निघायचं.

सॉफ्टवेअरवाल्यांनी आमच्या कामाचा नकाशा काढला, तेव्हा मी शेजारी खुर्ची ओढून बसले आणि बघून बघून शिकले. चौकट म्हणजे काम, शंकरपाळ्याचा आकार म्हणजे निर्णय. माझ्या फोनला मिळाला दुहेरी गोल, आत पाकीट. म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबा. ही चिन्हं जगभर सारखीच असतात म्हणे. खरं सांगते, मला मिरवावंसं वाटलं.

पुढे साहेबांनी सॉफ्टवेअरसाठी दुसरी कंपनी आणली. नकाशा त्यांच्याकडे जसाच्या तसा उघडला, माझा गोलही जागेवर. पण पहिल्याच सकाळी मी फोन उचलते तर गाडी शिरपूरला रवाना झालेली.

त्यांच्या इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, चित्र सगळं दिसतं. पण ते चिन्ह आमच्याकडे चालत नाही. सिस्टिम त्याच्यावरून पुढे जाते."

"पण आधीचे तर म्हणत होते, सगळ्यांचं एकच असतं?"

"काढायचं एकच असतं. चालवायचं ज्याचं त्याचं."

तेवढ्यात ज्यांच्या शेतात गाडी गेली होती, त्या शिरपूरच्या भाऊंचाच फोन. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"अक्का, बरी शे ना तू? तुना फोन उना नही, माले वाटनं आजारी पडनी."

"बरी आहे भाऊ. गाडी पोचली का?"

"पोचनी. पन बठ्ठा मजूर लगनले जायेल शेतस. तुना डायवर पारवर बसेल शे, च्या पी राहिना."

मजूर सगळे लग्नाला, गाडी रिकामी परत आली. मग इंजिनिअरने गोल काढून तिथे साधी चौकट टाकली, 'विचारले' असं बटण दिलं. ते दाबलं की गाडी सुटते. फोन केला काय, न केला काय, बटणाला कळत नाही. दुपारपाळीची मुलगी नुसतंच दाबते, आणि काम पटकन होतं म्हणून साहेब खूश.

सकाळची पाळी अजून माझी आहे. मी आधी फोन लावते, म्हशीची चौकशी होते, मग बटण दाबते. नंतर संध्याकाळी घरचं कुलूप उघडेपर्यंत फारसं बोलणं नसतं, आणि उघडल्यावर तर नसतंच.